आरोग्यविचार : जेवणानंतरची मळमळ

घरांत कोणी जेवून उठल्यावर "मळमळतें" म्हणालें, कीं निदान ठरलेलें असतें : पित्त झालें! सोलापुरांत शेंगाचटणीच्या तिखटास दोष मिळतो आणि आल्याचा रस पुढें येतो. दोन दिवसांची मळमळ अशानें शमतेही. परंतु तीच तक्रार पंधरवडा टिकली, तर पित्ताच्या नांवावर तिची बोळवण करूं नये. मळमळ हा स्वतः रोग नव्हे, रोगाची सूचना आहे.

प्रथम वेळ पहावी. जेवतांच मळमळ व जळजळ होत असेल, तर जठरास सूज किंवा व्रण असूं शकतो. याचें एक मोठें कारण जंतु आहे, हें ऑस्ट्रेलियांतील मार्शल व वॉरेन यांनीं दाखवून दिलें; त्याबद्दल २००५ मध्यें त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. वेदनाशामक गोळ्यांनींही जठरास इजा होते. तळलेलें खाल्ल्यावर उजव्या बरगडीखालीं दुखूं लागलें, तर पित्ताशयांतील खड्यांची शंका घ्यावी. जुन्या मधुमेहांत जठर मंदावतें आणि चार घासांतच पोट भरतें.

अन्नाचा तिटकारा, मळमळ आणि मागाहून गडद पिवळी लघवी, ही काविळीची चाहूल होय. पाणी सांठवून वापरणाऱ्या घरांनीं ती विशेष ओळखावी. दिल्लीस १९५५-५६ मध्यें दूषित पाण्यामुळें सुमारें २९,००० लोकांस कावीळ झाली; आपल्या कोल्हापुरांतही १९८१ मध्यें पाण्यांतूनच सांथ आली. पाण्यांतून पसरणारी 'ई' जातीची कावीळ गर्भवतीस फार घातक असते. म्हणून सुनेची मळमळ "गोड बातमी" समजून हंसण्यावारी नेऊं नये. दिवस गेले असले तरी सोबत कावीळ असूं शकते. डोळे व लघवी पहावी, आणि रंग पिवळा दिसल्यास त्याच दिवशीं डॉक्टरांकडे न्यावें.

वजन घटणें, घास अडकणें, रक्ताची उलटी, काळा शौच, यांपैकीं कांहींही दिसल्यास घरगुती उपाय थांबवावेत. एरवीं आठवडाभर काय खाल्लें, किती वेळानें मळमळलें, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हें टिपून तो कागद डॉक्टरांस दाखवावा.

सर्वांच्या मागून जेवणारी गृहिणी आपलें दुखणेंही सर्वांच्या मागून सांगते. वडील मंडळींनीं तें तिला आधीं विचारावें, हें बरें.