थर्माकोलचं गाव

ताईच्या पोरीला पाच वर्षं पूर्ण होतायत. कल्याणात हॉल घेतलाय. हॉलवाल्यानं मोबाइलवर थीमची यादी धाडली: छोटा भीम, परीराणी, जंगल, 'आपलं गाव'. दाजी म्हणाले, गाव घेऊ. पोरीला आपलं मूळ कळलं पाहिजे.

मूळ आमचं वैशाखरे. मुरबाडच्या पुढं, माळशेजच्या वाटेवर. आमच्या घरात वाढदिवस ही भानगडच नव्हती. बापाची जन्मतारीख १ जून. शाळेत घालताना मास्तरनं ठोकून दिलेली. वर्गातली अर्धी पोरं १ जूनचीच. आम्हाला वाढदिवस ठाऊक तो एकच, १४ एप्रिलचा. म्हणून केक कापायला माझी ना नाही. बापाला मिळालं नाही ते नातीला मिळू दे.

पण गाव?

हॉलवाल्यानं फोटो दाखवले. थर्माकोलचा वाडा, देऊळ, रहाटाची विहीर, फोटो काढायला बैलगाडी. आय चष्मा लावून बराच वेळ बघत बसली. मग मला म्हणाली, "यात आपलं घर कुठंय रं?"

दाजी गप.

मित्रांनो, ही बैलगाडी आपल्या ओळखीची आहे. १९०१ साली नऊ-दहा वर्षांचा भीमराव भावाभाच्यांबरोबर मसूर स्टेशनावर उतरला. गोरेगावला बापाकडं निघालेला. जात कळली तसा एक गाडीवाला तयार होईना. शेवटी एक जण तयार झाला तो दुप्पट भाड्यावर. वर गाडी पोरांनीच हाकायची, हा बाजूनं चालणार. रात्र काढली तहानेनं. जेवण जवळ होतं, पाणी कुणी देईना. हे खुद्द बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय. पुढं ४ नोव्हेंबर १९४८ ला त्यांनी संविधान सभेत या गावगाड्याची सालटी काढली. आणि आपण पदरचे पैसे मोजून पोरीला फेटा बांधायचा अन् त्याच गाडीत बसवायची?

एक पाहुणा म्हणाला, मग निळी थीम करा, केकवर बाबासाहेबांचा फोटो छापा. म्हटलं, सुरी तुम्ही चालवणार का?

या सगळ्यात पोरीला कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "लाल एसटी." मे महिन्यात वैशाखऱ्याला जाताना वाटभर ओकली, पण खिडकी सोडली नाही. आता मजा बघा, पहिली एसटी धावली ती १ जून १९४८ ला, पुणे ते अहमदनगर. बापाची तारीख! अन् एसटीत जात विचारून कुणाला दुप्पट तिकीट लावत नाहीत. (शेजारी बसताना नाक मुरडणारे भेटतात, त्यांच्यावर वेगळं लिहीन.)

हॉलवाला म्हणतो, ही थीम यादीत नाही. नसू दे. फ्रिजच्या खोक्यांचे पुठ्ठे आणलेत, लाल रंग चढवतोय. बाप कंडक्टर होणार. त्याला तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा पाहिजे, कुणाकडं असला तर कळवा.