इतिहासाच्या वाटेवर : उपाशी डिव्हिजन

मुलांनो, सैन्य पोटावर चालतं, असं म्हणतात. 1761 साली पानिपतावर मराठ्यांची रसद तुटली आणि उपाशीपोटी लढायची वेळ आली, हे तुम्ही शाळेत शिकला असालच. तशीच वेळ 1944 साली एका जपानी डिव्हिजनवर आली, तीही आपल्याच देशात!

डिव्हिजन म्हणजे हजारो सैनिकांचा मोठा विभाग. जपानची 31वी डिव्हिजन 1943 साली बँकॉकमध्ये उभी राहिली. सेनापती होते कोतोकू सातो. ब्रह्मदेशातून डोंगर ओलांडून कोहिमा घ्यायचं, हे तिचं काम. मार्च 1944 मध्ये तिने चिंदविन नदी ओलांडली. शिधा जेमतेम तीन आठवड्यांचा! सोबत बैल हाकले होते. आधी ओझं वाहायला, मग खायला. पण कितीतरी बैल नदीत बुडाले, कड्यांवरून कोसळले. सपाट रानातला बैल डोंगर चढेल का, हे आपल्या रेणापूरच्या कुठल्याही शेतकऱ्याने सांगितलं असतं!

वाटेत मणिपूरमधलं सांगशाक गाव लागलं. तिथे 50वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड होती आणि तिच्याबरोबर मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन. खडकात खंदक खोल खणता येईनात. पाण्याचे हाल. विमानातून टाकलेला माल बराचसा जपान्यांकडेच पडे. तरी आपले जवान 22 ते 26 मार्च झुंजले. एका मृत जपानी अधिकाऱ्याजवळ त्यांना शत्रूच्या बेताचा नकाशाही सापडला. शेवटी माघार घ्यावी लागली. पण जपान्यांचे मोलाचे दिवस खर्ची पडले. शिधा मोजका असला, की दिवस गेला म्हणजे घासही गेला!

एप्रिलमध्ये कोहिमाला वेढा पडला. रसद मात्र आलीच नाही. सातो अन्न मागत राहिले, वरून हुकूम येत राहिला, ‘लढा!’ मेअखेर त्यांनी तो हुकूम मोडून माघार घेतली. वाटेत भुकेने आणि रोगाने असंख्य सैनिक गेले. जुलैत सातोंना पदावरून काढलं. कोर्टात आपली बाजू मांडायची त्यांची इच्छा होती. पण त्यांना मनोरुग्ण ठरवून खटलाच टाळला.

कोहिमाच्या युद्धस्मशानभूमीत आज 1,420 कबरी आहेत आणि 917 हिंदू-शीख सैनिकांचं स्मारकही.

सातोंनी हुकूम मोडला, ते बरोबर की चूक? आज आई-बाबांशी यावर खुशाल वाद घाला. पण आधी जेवून घ्या हं!