एमएस-सीआयटीनंतर काय? प्रोग्रामिंगची दुसरी पायरी आणि आपली मुले

आमच्या वस्तीतली एक मुलगी गेल्या वर्षी एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मुलाखतीला गेली. बी.कॉम., एमएस-सीआयटी, टायपिंग, टॅली आणि तीन महिन्यांचा पायथनचा क्लास, एवढी प्रमाणपत्रे फाइलमध्ये होती. तिला विचारले, दहा हजार नावांच्या यादीतली दुबार नावे कशी शोधाल? ती म्हणाली, प्रत्येक नाव बाकीच्या सगळ्या नावांशी ताडून बघू. उत्तर चूक नव्हते. पण त्यासाठी सुमारे पाच कोटी वेळा तुलना करावी लागते. यादी दहा लाखांची झाली तर हाच आकडा पन्नास हजार कोटींवर जातो. तेव्हा काय कराल, या प्रश्नावर ती अडकली. क्लासमध्ये ते शिकवलेच नव्हते.

प्राथमिक आणि प्रगत प्रोग्रामिंग यांत हाच फरक आहे. पहिल्या अभ्यासक्रमात अट कशी घालायची, तेच काम पुन्हापुन्हा कसे करून घ्यायचे, फंक्शन कसे लिहायचे हे शिकवतात. भीमजयंतीच्या वर्गणीची बेरीज करणारा प्रोग्राम एवढ्यावर लिहिता येतो. पण पाच कार्यकर्ते पाच मोबाइलवरून एकाच वेळी पावत्या फाडत असतील, एकही नोंद हरवू नये आणि कोणाचे नाव क्षणात सापडावे असे वाटत असेल, तर डेटा स्ट्रक्चर, अल्गोरिदम, डेटाबेस आले. ही दुसरी पायरी. पगार मिळतो तो या पायरीवर.

आपल्या समाजात संगणक शिक्षण पोहोचले नाही असे म्हणता येणार नाही. 2001 मध्ये एमकेसीएल स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी गावोगावी गेली. सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागते म्हणून आपल्या मुलांनी ते मोठ्या संख्येने घेतले. दहावीनंतर आयटीआयमध्ये कोपा हा एक वर्षाचा ट्रेड आहे. अनेक विहारांत, अभ्यासिकांत संगणक वर्ग चालतात. पण एमएस-सीआयटी ही संगणक साक्षरता आहे, प्रोग्रामिंग नव्हे. कोपामध्ये प्रोग्रामिंगची तोंडओळख होते, तिथून पुढे नेणारा रस्ता मुलांना कोणी दाखवत नाही. म्हणून मूल एका पहिल्या पायरीवरून उतरते आणि दुसऱ्या पहिल्या पायरीवर चढते. प्रमाणपत्रे वाढतात, उंची वाढत नाही.

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ही दोन वर्षांची, तुलनेने कमी फीची, बहुतेक ठिकाणी सर्वांना प्रवेश देणारी महाविद्यालये. नोकरी करणारे, घरात पहिल्यांदाच कॉलेजात जाणारे, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो विद्यार्थी तिथे मोठ्या संख्येने असतात. तिथल्या प्रोग्रामिंगच्या अभ्यासक्रमांना क्रम असतो. पहिला उत्तीर्ण झाल्याशिवाय दुसरा घेता येत नाही, आणि दुसऱ्याचे क्रेडिट घेऊन चार वर्षांच्या विद्यापीठात जाता येते. तिथेही गळती मोठी आहे, ती व्यवस्था आदर्श आहे असे नाही. पण पहिल्या वर्गात बसलेल्या मुलाला पुढची पायरी कुठे आहे हे दिसते.

आपल्याकडे यूजीसीने 2013-14 मध्ये कम्युनिटी कॉलेजची योजना आणली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एक वर्षाला प्रमाणपत्र, दोन वर्षांना पदविका अशी मधून बाहेर पडण्याची सोय दिली. इथे सावध राहिले पाहिजे. गरिबाचे मूल एका वर्षानंतर बाहेर पडते ते सोय म्हणून नव्हे, घरी पैसा लागतो म्हणून. बाहेर पडण्याचे दार रुंद आणि परत येण्याचे अरुंद असेल, तर पहिली पायरी आपली आणि दुसरी त्यांची, ही जुनीच विभागणी नव्या नावाने पक्की होईल.

बाबासाहेबांनी ही विभागणी ओळखली होती. 1942 मध्ये व्हाईसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या प्रगत शिक्षणाला सरकारी शिष्यवृत्त्या मागितल्या, परदेशी शिक्षणासाठीही मागितल्या. हे शिक्षण महाग आहे आणि सरकारी मदतीशिवाय आपल्या मुलांना ते मिळणार नाही, हे त्यांनी स्पष्ट मांडले. आपण मात्र ‘शिका’ एवढेच लक्षात ठेवले. कुठपर्यंत शिका, हे विसरलो.

आता एक प्रश्न तरुण हमखास विचारतात. एआय कोड लिहून देत असताना प्रोग्रामिंग कशाला शिकायचे? जुलै 2025 मध्ये टीसीएसने सुमारे 12 हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हापासून ही धास्ती वाढली आहे. धास्ती खोटी नाही. पण एआय आधी गिळते ते पहिल्या पायरीचे काम. त्याने लिहिलेला कोड बरोबर आहे का, दहा लाख नोंदींवर टिकेल का, हे ओळखायला दुसरी पायरीच लागते. म्हणजे निव्वळ तोंडओळखीची किंमत घटली, सखोल ज्ञानाची गरज वाढली. खासगी आयटी कंपन्यांत आरक्षण नाही, ओळखीपाळखीचे जाळे आपल्याकडे नाही. कौशल्य आले म्हणजे जात गेली असेही नाही. 2023 मध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहराला जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला, तो उगाच नाही. पण आत शिरायलाच हे ज्ञान लागते.

रस्ते आहेत. आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन बीएस अभ्यासक्रम 2020 मध्ये सुरू झाला. त्याला जेईई लागत नाही. चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यायची, मग पायाभूत, पदविका, पदवी असे टप्पे. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना फीमध्ये मोठी सवलत आहे. एनपीटीईएलवर पायथनमधून डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम मोफत शिकता येते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठी आवाजातले धडे आहेत.

मग मुले का पोहोचत नाहीत? इंग्रजीची भीती, घरात लॅपटॉप नाही, दिवसा काम, आणि तिसऱ्या आठवड्यात अडल्यावर विचारायला कोणी नाही. माझ्या अनुभवात शेवटचे कारण सगळ्यात घातक आहे. हुशारी कमी पडत नाही, सोबत कमी पडते.

म्हणून विहार आणि मंडळांना विनंती आहे. आणखी एक बेसिक संगणक वर्ग उघडण्याआधी, बेसिक झालेल्या पाच-सात मुलांचा गट बांधा. जयंतीच्या खर्चातून दोन-तीन जुने पण चांगले लॅपटॉप घ्या आणि ते पुस्तकांसारखे घरी न्यायला द्या. हिंजवडी-खराडीत काम करणाऱ्या आपल्या अभियंत्यांनी ‘पे बॅक टू सोसायटी’ म्हणून देणगीऐवजी वर्षभर रविवारचे दोन तास द्यावेत. शब्द इंग्रजीच ठेवावेत, समजावून मात्र मराठीत सांगावे. सरकारकडे आणि बार्टीकडे मागणी करायची असेल तर ती स्पर्धा परीक्षांपुरती नको. प्रगत प्रोग्रामिंगच्या पूर्ण काळात विद्यावेतन मिळावे, ही मागणी निवेदनात पहिली असावी.

ती मुलगी आता रोज रात्री डेटा स्ट्रक्चर शिकते आहे. एक दादा फोनवर शंका सोडवतो. दुबार नावे शोधायला यादी एकदाच फिरावी लागते, प्रत्येक नाव पाहिले की नोंदून ठेवायचे, हे तिला आता कळले आहे. तिच्या वर्गातल्या बाकीच्या मुलांना असा दादा कोण देणार, हे आपल्याला ठरवायचे आहे.

जय भीम!