वर्ध्याची ‘योइची’ गांधींनी बुडवली काय?

१/ जपानी व्हिस्कीच्या यशोगाथेला अलीकडे एक मराठी शेपूट जोडले जाते. मासाताका ताकेत्सुरु या ध्येयवेड्या माणसाने जपानला जगन्मान्य व्हिस्की दिली. विदर्भाकडेही मोहाचे फूल होते, भट्टी होती, कसब होते. पण गांधी वर्ध्यात आले आणि दारूबंदीने सारे बुडाले, असे हे कथन. ते चटकदार आहे, पण कालक्रमाच्या कसोटीवर टिकत नाही.

२/ प्रथम ताकेत्सुरु. जन्म १८९४, हिरोशिमा प्रांतातील साके बनवणाऱ्या घराण्यात. १९१८ मध्ये तो स्कॉटलंडला गेला, ग्लासगोत रसायनशास्त्र शिकला, तिथल्या भट्ट्यांत उमेदवारी केली आणि रीटा कोवन हिच्याशी विवाह करून १९२० मध्ये परतला. शिंजिरो तोरीईच्या यामाझाकी भट्टीच्या उभारणीत त्याचा मोठा हात होता. १९३४ मध्ये त्याने होक्काइदो बेटावरील योइची येथे स्वतःची कंपनी काढली. तीच आजची ‘निक्का’.

३/ व्हिस्की मुरायला वर्षे लागतात. तोवर कंपनी सफरचंदाचा रस विकत होती. पहिली निक्का व्हिस्की बाजारात आली १९४० मध्ये. लगेच युद्ध पेटले आणि योइचीची भट्टी तगली ती जपानी नौदलाला माल पुरवून. म्हणजे या ‘एकट्याच्या ध्यासामागे’ परवाना होता, भांडवल होते आणि सरकारी गिऱ्हाईकही होते.

४/ यशोगाथेत न येणारी आणखी एक तारीख १८९९. चीनशी झालेल्या युद्धानंतर लष्करी खर्च वाढला, मद्यकर हा जपानी तिजोरीचा मोठा आधार बनला आणि घरगुती मद्यनिर्मितीवर सरसकट बंदी आली. शेतकऱ्याच्या घरची तांदळाची ‘दोबुरोकु’ एका कायद्याने गुन्हा ठरली. आधुनिक जपानी मद्यउद्योग या बंदीनंतरच्या बाजारपेठेत वाढला.

५/ आता मध्यप्रांत. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपुरातून वेगळा झाला. मोहाची दारू गाळणे हा इथल्या कलारांचा परंपरागत धंदा, आणि गोंडांच्या सणासमारंभांत, देवकार्यात तिला मान होता. इंग्रजी अबकारीने या कसबाकडे महसूल म्हणून पाहिले. दारूविक्रीचे हक्क लिलावात चढ्या बोलीला जाऊ लागले. गावोगावच्या भट्ट्यांची जागा ठेकेदारांच्या मोठ्या भट्ट्या घेऊ लागल्या. १९१५ च्या मध्यप्रांत अबकारी कायद्याने विनापरवाना गाळणाऱ्याला गुन्हेगार ठरवणारी चौकट पक्की केली.

६/ मुंबई इलाख्यात तर सरकार याही पुढे गेले. १८७८ चा अबकारी कायदा भट्टीवर आला, आणि १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाचे फूल जवळ बाळगण्यावरच निर्बंध आणले. झाडावरून गळून पडणारे फूल सरकारदरबारी संशयित ठरले.

७/ गांधी वर्ध्यात आले १९३४ मध्ये. तोवर गावचा कारागीर परवान्याबाहेर फेकला गेला होता आणि गावात विकली जात होती ती ठेकेदाराची दारू. तिच्या प्रत्येक बाटलीतून सरकारला कर मिळत होता. मग गांधींनी बुडवले ते कोणाचे? दारूबंदीच्या मागणीचा घाव कलाराच्या मडक्याइतकाच या महसुलावर होता.

८/ योइचीची कंपनी निघाली त्याच १९३४ साली, डिसेंबरात, अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत त्याचे ठाणे, आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे कर्ते चिटणीस. ताडी काढणाऱ्याचा धंदा बुडेल, त्याचे काय, या प्रश्नाला संघाचे उत्तर होते नीरा आणि ताडगूळ. चुना लावलेल्या मडक्यात रस उतरवायचा, उन्हे चढून तो आंबण्याआधी प्यायचा किंवा कढवून गूळ करायचा. चढणारा तोच, झाडही तेच. बदलणार होता फक्त माल.

९/ म्हणून ‘गांधींना कारागिराची कदर नव्हती’ हा आरोप खोटा आहे. दारूबंदीची मागणी वरून लादलेली होती, हेही अर्धसत्य. मजुरी दारूच्या दुकानात जाते आणि घरी मार मिळतो, हा खेड्यातील बायांचा अनुभव आहे. दुकान बंद करा म्हणून मोर्चे त्यांनीच काढले. त्यांचे दुःख ‘वारसा’ या गोंडस शब्दाखाली झाकणे हा निव्वळ शहरी उद्दामपणा होय.

१०/ तरीही दारूबंदीचा एक दोष दडवता येत नाही. तिने अबकारीचा महसूल नाकारला, पण अबकारीचा दंडुका ठेवून घेतला. पुढे महाराष्ट्रात आलेल्या वर्ध्याला जो कायदा लागू आहे, त्या १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात मोहफुलांवर नियंत्रण आहे आणि नीराही परवान्याच्या कक्षेत आहे. जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे, आणि धाड पडली की पहिली फुटते ती हातभट्टी. मगनवाडीने ज्याला पर्यायी रोजगार देऊ केला होता, तो पोलिसांच्या दप्तरात केवळ आरोपी म्हणून उरला.

११/ हा प्रश्न आजचा आहे. गोव्याच्या काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ दर्जा देऊन आदिवासी गटांना उत्पादनाची वाट मोकळी केली. उद्या महाराष्ट्रातही मोहाचे ‘ब्रँडिंग’ होईल. तेव्हा परवाना फूल वेचणाऱ्या बाईच्या हाती पडेल की नव्या ठेकेदाराच्या?

१२/ योइचीकडून शिकायचे ते हे, की कसबाला राज्यसत्ता जगवते आणि राज्यसत्ताच मारते. जपानने एक कसब परवान्याने वाढवले, दुसरे घराघरातून पुसले. मध्यप्रांतात पुसण्याचे काम अबकारीने केले आणि दारूबंदीने ते उलटवले नाही. दोष वाटायचाच असेल तर याच क्रमाने वाटावा. १९३४ पासून मोजणी सुरू करणारा माणूस गांधींवर टीका करत नसतो. तो नकळत लिलाव पुकारणाऱ्या साहेबाची निर्दोष सुटका करत असतो.