नाव आणि सुटे भाग

शस्त्रांची नावे वाचणे हे समीक्षेचे काम नव्हे, असे आपल्याकडे गृहीत धरले जाते. आम्हांला हे मान्य नाही. नाव ठेवणे ही भाषिक कृती आहे, आणि लढाऊ हेलिकॉप्टरांइतका तिचा ठळक नमुना क्वचितच सापडेल. अमेरिकी लष्कराने ज्या अपाचे लोकांशी दीर्घकाळ युद्ध केले, ज्यांच्या जेरोनिमोला १८८६ साली शरण यायला लावले आणि १९०९ साली मृत्यू येईपर्यंत युद्धकैदी म्हणून ठेवले, त्यांचेच नाव त्या लष्कराने पुढे आपल्या हेलिकॉप्टरला दिले. पराभूतांचे शौर्य जेत्यांच्या यंत्राचे बिरूद झाले.

अशा नावामुळे यंत्र सजीव, एकसंध आणि स्वयंभू भासते. प्रत्यक्षात ती हजारो भागांची जुळणी असते. त्यांतले अनेक भाग ठरावीक उड्डाणतास भरले की बदलावेच लागतात. त्यामुळे विक्री झाल्यावरही विक्रेत्याचा हात यंत्रावर राहतोच.

इराणचे उदाहरण पाहावे. शाहच्या राजवटीने १९७०च्या दशकात अमेरिकेच्या बेल कंपनीकडून दोनशेहून अधिक 'कोब्रा' हेलिकॉप्टरे घेतली. १९७९ साली क्रांती झाली, त्याच वर्षी अमेरिकी वकिलातीतील माणसे ओलीस धरली गेली आणि सुट्या भागांचा पुरवठा तुटला. १९८० साली इराकने आक्रमण केले तेव्हा ही हेलिकॉप्टरे लढली खरी. पण काही उडती राहावीत म्हणून इतरांचे भाग काढून घ्यावे लागले. शत्रू म्हणून जाहीर केलेल्या या देशाला अमेरिकी प्रशासन स्वतःच गुप्तपणे रणगाडाभेदी क्षेपणास्त्रे आणि 'हॉक' क्षेपणास्त्रांचे सुटे भाग विकत होते, हे १९८६ साली उघड झाले. जाहीर शत्रुत्वाची भाषा एक होती, सुट्या भागांचा व्यवहार दुसराच होता.

एका यंत्राचे भाग काढून दुसरे चालवण्याला इंग्रजीत 'कॅनिबलायझेशन', म्हणजे स्वजातिभक्षण, म्हणतात. तंत्रज्ञांच्या रोजच्या बोलण्यातले हे रूपक आम्हांला सगळ्या शौर्यनामांपेक्षा प्रामाणिक वाटते. पुढे इराणने जुन्या कोब्रांपैकी काहींची नव्याने बांधणी करून त्यांना 'तूफान' हे नाव दिले. मराठीलाही हा शब्द परका नाही. मात्र नाव फारसी झाले तरी सांगाडा बेलचाच राहिला.

आपले 'प्रचंड' २०२२ साली जोधपूर येथे हवाई दलात दाखल झाले. त्याची रचना हिंदुस्थान एरोनॉटिक्सची. 'शक्ती' हे इंजिन फ्रेंच कंपनीच्या सहकार्याने विकसित झालेले. तोफही फ्रेंच बनावटीची. यात कमीपणा काहीच नाही. आजचे कोणते शस्त्र एकाच देशात पुरे होते? पण 'स्वदेशी' हे विशेषण लावून विषय संपवला, की हा सारा तपशील वाचकाच्या नजरेआड जातो.

सैनिकाला अशा नावाने बळ मिळत असेल, तर त्याविषयी आमची तक्रार नाही. वाचकाचे काम मात्र वेगळे आहे. युद्ध किती दिवस चालेल, हे बऱ्याच अंशी सुटे भाग कोण पुरवतो आणि कोण अडवतो यावर ठरते. युद्धाविषयीचे लेखन तपासताना, मग ते कादंबरीत असो वा वृत्तपत्रात, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. विशेषनामापाशी थांबणारे वाचन अर्धवट असते, आणि युद्धाच्या बाबतीत त्याची किंमत वाचकाला नव्हे, इतर कोणाला तरी मोजावी लागते.