चिलखतातील वीर आणि जळत्या घरातील धर्मगुरू



आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने ऑस्ट्रेलियातील नेड केली या दरोडेखोरावरील २००३ सालचा चित्रपट पाहिला आणि रविवारी मिस्सा आटोपल्यावर मला वाटेत गाठून विचारले, "फादर, तो आपल्याच धर्माचा, गरिबांचा कैवारी. मग त्याला दरोडेखोर का म्हणावयाचे?" प्रश्न रास्त होता, पण उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखे नव्हते. म्हणून आज या सदरात देत आहे.

नेड हा व्हिक्टोरिया वसाहतीतील एका गरीब आयरिश कॅथलिक कुटुंबाचा मुलगा. १८६६ साली बाप वारला आणि मोठे कुटुंब विधवा आईच्या अंगावर पडले. लहानपणी त्याने ओढ्यात बुडणाऱ्या एका मुलाला वाचविले; त्याबद्दल मुलाच्या घरच्यांनी त्याला हिरवा रेशमी पट्टा दिला. बडे जमीनदार आणि लहान शेतकरी यांचे तेथे वैर होते, आणि पोलिसांचा जाचही होता. १८७८ साली त्याच्या आईला तान्ह्या मुलीसह तुरुंगात जावे लागले. पुढच्याच वर्षी जेरिल्डरी येथील बँक लुटताना नेडने कर्जाची कागदपत्रे जाळून टाकली. कर्जाखाली पिचलेल्या शेतकऱ्याला अशा माणसाची कथा गोड वाटावी, यात नवल ते काय?

ती गोडी चित्रपटाने फार लवकर ओळखली. २६ डिसेंबर १९०६ रोजी मेलबर्न येथे 'द स्टोरी ऑफ द केली गँग' हा तासाहून अधिक लांबीचा पट दाखविण्यात आला. आपल्या दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' यावयास अद्याप सहा वर्षांहून अधिक काळ होता. जगातील पहिला दीर्घ कथापट म्हणून युनेस्कोने २००७ साली त्याची नोंद केली. काही ठिकाणी सरकारने त्यावर बंदी घातली. परंतु बंदीने कथा मरत नसते. आज त्या पटाची थोडी मिनिटेच उरली आहेत, तरी नेडवर पुन्हा पुन्हा चित्रपट निघाले.

आता कथेची दुसरी बाजू ऐकावी. २६ ऑक्टोबर १८७८ रोजी स्ट्रिंगीबार्क क्रीक येथे नेडच्या टोळीने तीन पोलीस ठार केले. तिघेही नेडच्या बापासारखेच आयर्लंडमध्ये जन्मलेले. सार्जंट केनेडीच्या मागे पत्नी व पाच मुले राहिली, लोनिगनच्या मागे पत्नी व चार मुले. त्या नऊ मुलांवर कोणी पोवाडा रचला नाही. १८८० च्या जून महिन्यात ग्लेनरोवन येथे टोळीने पोलिसांची आगगाडी उलथवून टाकण्यासाठी रूळ उखडले. थॉमस कर्नो नावाच्या शाळामास्तराने जीव धोक्यात घालून गाडी थांबविली, म्हणून अनर्थ टळला. पोलिसांचेही हात स्वच्छ राहिले नाहीत. टोळीने खाणावळीत ओलीस धरलेल्या निरपराध लोकांपैकी काही जण पोलिसांच्या गोळ्यांनी मेले; त्यांत खाणावळवालीचा तेरा वर्षांचा मुलगाही होता.

२८ जूनच्या पहाटे नांगराच्या लोखंडी पात्यांपासून घडविलेले सुमारे ४४ किलोंचे चिलखत घालून नेड पोलिसांवर चालून आला. चिलखताने छाती झाकली, पाय उघडे राहिले. तेथेच गोळ्या लागून तो कोसळला. चित्रपटाला प्रिय असलेले दृश्य ते हेच. मला मात्र त्याच दिवशीचे दुसरे दृश्य अधिक मोठे वाटते.

फादर मॅथ्यू गिबनी हे धर्मगुरू आगगाडीने प्रवास करीत असता ग्लेनरोवनला उतरले. त्यांनी घायाळ नेडचे पापनिवेदन ऐकले, त्याला अंत्याभ्यंग दिला. दुपारी पोलिसांनी खाणावळीला आग लावली. आत कोणी जिवंत असेल या विचाराने, पोलीस अडवीत असताही, फादर एकटे त्या ज्वाळांत शिरले. आत त्यांना टोळीतील तिघांची प्रेते आढळली. त्यांच्या अंगावर चिलखत नव्हते, हातात शस्त्र नव्हते. पुढे ते पर्थचे बिशप झाले.

हा माणूस कोणाच्या पक्षाचा? त्यांनी नेडला हुतात्मा म्हटले नाही, आणि पशू म्हणून टाकलेही नाही. प्रभूने क्रुसावरील पश्चात्तापी चोराला स्वर्गाचे वचन दिले. म्हणून चोरी पुण्य झाली नाही. पाप्याला दया दाखविण्यासाठी त्याचे पाप झाकावे लागत नाही, हा धडा त्यात आहे.

११ नोव्हेंबर १८८० रोजी, पंचविसाव्या वर्षी, नेडला फाशी झाली. त्याच्या अस्थींची ओळख २०११ साली पटली. २०१३ च्या जानेवारीत वांगारट्टा येथे त्याच्यासाठी मिस्सा होऊन ग्रेटा येथील दफनभूमीत त्याला मूठमाती मिळाली. ख्रिस्तसभेने त्याच्यासाठी प्रार्थना केली. प्रार्थनेची गरज पाप्यालाच असते.

तेव्हा माझ्या तरुण मित्रा, तो चित्रपट खुशाल पाहा. गरिबाच्या दुःखाने तुझे डोळे पाणावले, तर ते चांगलेच आहे. मात्र घरी धाकट्या भावंडांना ती कथा सांगशील, तेव्हा केनेडी व लोनिगन यांच्या मुलांनाही विसरू नकोस. आणि सायंप्रार्थनेच्या वेळी नेडसाठी एक व त्यांच्यासाठी एक, अशा दोन प्रार्थना म्हण.