बाग शेवटी लावायची असते

आज ५ जून, जागतिक पर्यावरण दिन. मृग दोन-तीन दिवसांवर आला आहे. तिकोणा पेठेच्या शिवारात राब भाजून झाले आहेत, धूळवाफेवर भात टाकायची लगबग आहे, आणि धरणाचे पाणी उन्हाळ्याने पार आत सरकले आहे. याच दिवसांत मावळात वृक्षारोपणाचे कार्यक्रम होतात. खड्डे आदल्या दिवशी काढलेले असतात, रोपे ट्रॅक्टरने येतात, छायाचित्रे निघतात. त्यातली किती रोपे पुढच्या शिमग्यापर्यंत तग धरतात हे गावकऱ्यांना चांगले ठाऊक असते. या वर्षी आमचे सांगणे थोडे निराळे आहे. झाडांसाठी डोंगरउतार शोधण्याआधी गावाने, नगरपरिषदेने आणि गृहसंकुलांनी एकदा त्या जागेकडे पाहावे, जिच्याजवळून जाताना नाकाला पदर लागतो. सांडपाण्याची जागा.

प्रत्येक वस्तीला अशी एक जागा असते. कुठे जुने स्थिरीकरण तळे, कुठे संकुलाच्या मागचा शुद्धीकरण प्रकल्प, कुठे नुसता ओढ्याचा तो वळसा, जिथे गावाचे गटार उतरते. नवा प्रकल्प उभा राहिला, नळ दुसरीकडे वळला, की जुनी जागा ओस पडते. मग बहुतेक वेळा तिथे कचरा येऊन पडतो, नाहीतर ती हळूच कोणाच्या तरी प्लॉटिंगच्या नकाशात शिरते. ती गावाची मोकळी, हिरवी, पोराबाळांनी जाऊन बसावे अशी जागा होऊ शकते हे आपल्या मनातच येत नाही. पण जगात असे घडले आहे, आणि मुंबईत त्याच्या अगदी जवळ जाणारे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे.

जर्मनीत ऱ्हाइनला मिळणारी एम्शर नावाची नदी आहे. लांबी जेमतेम ऐंशी किलोमीटर. तिच्या दोन्ही काठांनी कोळशाच्या खाणी आणि पोलादाचे कारखाने उभे राहिले. खाणींमुळे वरची जमीन खचायची, त्यामुळे जमिनीखालून मैलावाहिन्या टाकणे शक्य नव्हते. टाकल्या असत्या तर फुटल्या असत्या. म्हणून १८९९ साली तिथल्या नगरपालिका, खाणी आणि कारखाने यांनी एकत्र येऊन एक संस्था काढली आणि नदीलाच उघडे गटार करून टाकले. काठ सरळ केले, तळाला काँक्रीट घातले, कुंपणे उभारली. शंभर वर्षे ती नदी मैला वाहत राहिली. खाणी त्या भागातून हलल्या, जमीन स्थिरावली, तेव्हा १९९२ पासून त्याच संस्थेने उलटे काम हाती घेतले. दॉर्टमुंडपासून जमिनीखालून सुमारे ५१ किलोमीटरची मुख्य मैलावाहिनी आणि तिला मिळणाऱ्या शेकडो किलोमीटरच्या वाहिन्या टाकल्या गेल्या. तीस वर्षे आणि पाच अब्ज युरोंहून अधिक पैसा लागला. २०२१ च्या अखेरीस नदी मैल्यातून मोकळी झाली.

या कामाच्या वाटेवर बॉट्रॉप शहरात एक जुना शुद्धीकरण प्रकल्प होता. तो १९९७ साली बंद झाला. त्याच्या दोन प्रचंड गोल टाक्या पाडून टाकणे सोपे होते, पण त्या राखल्या गेल्या. एका टाकीत आता पाणी आहे; दुसरीच्या पोटात पीट औडोल्फ या डच उद्यानकाराने गवतांची आणि बहुवर्षायू फुलझाडांची खोलगट बाग लावली. गाळ खरवडणारे लोखंडी पूल जागेवरच ठेवले आणि लोक आता त्यांवरून चालतात. २०१० साली हे उद्यान लोकांसाठी खुले झाले. तिथल्या कामगार वस्तीच्या पिढ्या ज्या वासात वाढल्या, त्याच कुंपणाच्या आत त्यांची नातवंडे खेळू लागली.

ही गोष्ट आपल्याकडे सांगताना लोक बागेचे छायाचित्र दाखवतात आणि थांबतात. आम्हाला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी मैल्याची वाट ठरली आणि मग जुनी टाकी मोकळी झाली. त्यानंतर तिथे काय लावायचे याचा विचार झाला. बाग सगळ्यात शेवटी आली. आपल्याकडे नदीकाठी आधी फरसबंदी होते, कारंजे बसते, बाके येतात, आणि त्या बाकांखालून गटार नदीत तसेच पडत राहते. तिथे संध्याकाळी बसायला कोण जाईल?

मुंबईचे उदाहरण याहून साधे आणि आपल्या ओळखीचे. माहीम-धारावीच्या सीमेवर, मिठी नदीच्या काठी, शहराचा कचरा टाकायची जागा होती. १९७७ च्या सुमारास ती बंद झाली. तिथे निसर्ग उद्यान करावे ही कल्पना निसर्गप्रेमी संस्थांनी लावून धरली. १९८३ साली डॉ. सालिम अली यांच्या हस्ते तिथे पहिले झाड लागले, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने काम उचलले, आणि १९९४ साली महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी उघडले. सुमारे ३७ एकर. खाली कचऱ्याचा ढीग, वर आणून पसरलेली माती, आणि त्यावर आज उभे असलेले दाट रान. पावसाचे पाणी साठवणारे तळेही आहे. पहिल्या झाडापासून फाटक उघडेपर्यंत अकरा वर्षे गेली, आणि ती जाऊ दिली, हे आम्हाला फार मोलाचे वाटते. कचऱ्यावर माती बसायला, मातीत जीव यायला, झाडाची मुळे धरायला वेळ लागतो. कोणत्याही पुढाऱ्याच्या मुदतीत तो बसत नाही.

आता आपल्या घरात येऊ. मावळ हा पाणी देणारा मुलूख आहे. लोणावळा, वळवण आणि शिरोता या टाटांच्या तलावांतले पाणी घाट उतरून खोपोलीला जाते आणि १९१५ पासून मुंबईला वीज देते. तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याचे पवना धरण पिंपरी-चिंचवडची तहान भागवते. याच पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्ध मावळचा शेतकरी रस्त्यावर उतरला आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. पाण्याचा प्रश्न इथे कोणाला नव्याने समजावून सांगावा लागत नाही.

आणि तरीही आपण त्याच पाण्याच्या काठाशी काय करतो आहोत? धरणाभोवती बंगले, शेतघरे, तंबूंच्या रांगा उभ्या राहिल्या. शनिवार-रविवारी गावाच्या लोकसंख्येहून अधिक माणसे इथे मुक्कामाला असतात. गावातल्या पोरांना त्यातून काम मिळाले, हे चांगलेच झाले. पण इतक्या माणसांचा मैला कुठे जातो, हे विचारायची पद्धत पडलेली नाही. शोषखड्डा धरणाच्या उतारावर असेल तर मुरलेले पाणी शेवटी धरणातच उतरते. पलीकडच्या खोऱ्यात इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावते आणि कामशेत, तळेगावच्या परिसरातून देहू-आळंदीला जाते. थोड्याच दिवसांत, ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून आणि अष्टमीला आळंदीहून पालख्या निघतील. आळंदीच्या घाटावर पांढरा फेस तरंगताना वारकऱ्यांनी पाहिलेला आहे. त्याचा दोष आपण खालच्या कारखान्यांवर ढकलतो, आणि त्यांचा दोष मोठा आहेच. पण नदी वरच्या गावांतूनही वाहत येते.

म्हणजे मावळात पुढच्या दहा-पंधरा वर्षांत सांडपाण्याचे नवे प्रकल्प होणार, व्हायलाच हवेत, आणि जुन्या जागा रिकाम्या होणार. स्वच्छ भारत मिशनच्या २०२० पासूनच्या ग्रामीण टप्प्यात सांडपाणी व्यवस्थापनाला पैसा ठेवला गेला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे करून उघडी गटारे बंद केली आणि डास हटवले. त्याची दखल राज्याने घेतली. छोट्या गावाला हे जमते. रिकाम्या होणाऱ्या जागांचे काय करायचे हे मात्र आजच ठरवून ठेवले पाहिजे, कारण जागा रिकामी झाल्यावर ठरवायला बसलो तर तोवर कोणी तरी आपल्यासाठी ठरवून टाकलेले असते.

इथे एक कठोर गोष्ट सांगितली पाहिजे. सांडपाण्याची जागा पाणी आटले म्हणून शुद्ध होत नाही. तळाचा गाळ राहतो. त्यात जंतांची अंडी असतात आणि ती मातीत वर्षानुवर्षे टिकू शकतात. वस्तीजवळ छोटे कारखाने, गॅरेजे असतील तर जस्त, शिसे, कॅडमियम हे धातूही गाळात साठलेले असतात, आणि धातू काही सडून नाहीसे होत नाहीत. म्हणून पहिले काम मातीच्या तपासणीचे. गाळ काढायचा, वाळवायचा, तपासायचा. धातू जास्त निघाले तर तो सुरक्षित जागी न्यायचा, शेतात खत म्हणून टाकायचा नाही. तपासणी होईपर्यंत तिथे भाजी, फळझाडे, पोरांचे मातीतले खेळ, काहीही नको. ‘आता तर सगळे वाळले आहे’ म्हणून वांगी-टोमॅटो लावायचा मोह होईल, तो आवरावा.

आणि या कामात माणूस टाकीत उतरता कामा नये. बंद टाकीत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड साठते. पहिला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. हाताने मैला साफ करवून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू आल्यास भरपाई तीस लाख रुपये करण्याचा आदेश दिला. तरीही अशा मृत्यूंच्या बातम्या थांबलेल्या नाहीत, आणि मरणारे बहुतेक वेळा दलित समाजातले असतात. ज्या बागेखाली असा एखादा जीव गेला आहे, तिचे उद्घाटन कोणी करू नये. मैलाउपसा यंत्राची गाडी मागवा, खर्च होऊ द्या.

त्यानंतरचे काम सुखाचे आहे, आणि मावळच्या माणसाला ते शिकवावे लागणार नाही. जिथे पाणी साचते तिथे लव्हाळा, पाणकणीस, वाळा आपणहून येतात किंवा लावले की धरतात. उथळ पाण्यात त्यांच्या मुळांशी राहणारे जिवाणू उरलेसुरले सांडपाणीही खातात. कोलकात्याच्या पूर्वेला साडेबारा हजार हेक्टरांचा पाणथळ पट्टा शहराच्या सांडपाण्यावर मासे पिकवतो आणि २००२ पासून तो रामसर यादीत आहे. काठाला वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन. जरा वर पांगारा आणि काटेसावर, म्हणजे माघ-फाल्गुनात पाखरांना रस मिळेल. सुबाभूळ, गिरिपुष्प आणि गुलमोहर टाळावेत. लवकर वाढतात म्हणून ते सगळीकडे लावले गेले आणि त्यांच्याखाली आपले काही उगवले नाही. जलपर्णी दिसली की लगेच उपटावी, उद्याची वाट पाहू नये. दोन पावसांत टिबुकल्या आणि पाणकोंबड्या येतील, हिवाळ्यात धोबी शेपटी हलवत चिखलात फिरतील. गवत कापून सपाट हिरवळ करायची हौस धरू नये. मावळाला हिरवळीची उणीव नाही. चार महिने सगळा तालुकाच हिरवळ असतो. उणीव आहे ती वर्षभर ओल धरून ठेवणाऱ्या, न हलवलेल्या जागांची.

शेवटचा आणि सगळ्यात अवघड प्रश्न जमिनीचा. माहीमच्या उद्यानाला संरक्षित वनाचा दर्जा आहे. तरीही धारावीच्या पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली तशी या जमिनीची काळजी लोकांना लागली, नागरिकांनी आवाज उठवला, आणि उद्यान त्या प्रकल्पात नाही असे अधिकृतपणे सांगावे लागले. मुंबईत ही स्थिती, तर मावळात जिथे गुंठ्याचा भाव दर दिवाळीला बदलतो तिथे गावाच्या रिकाम्या टाकीची काय कथा? सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढावीत असे सर्व राज्यांना बजावले. तो निकाल प्रत्येक सरपंचाच्या कपाटात असायला हवा. सामाईक जागेला भाव नसतो, म्हणून ती सगळ्यांत आधी विकली जाते. शहरातून येणारा पाहुणा बंगल्याच्या गच्चीवरून तिकोणा पाहतो आणि परततो. गावातल्या म्हातारीला संध्याकाळी टेकायला, पोरीला सायकल शिकायला, शाळेला पक्षी दाखवायला गावात जागा लागते, आणि ती कोणाच्या कुंपणाच्या आत असून चालत नाही.

म्हणून मावळातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीला आणि लोणावळ्याच्या नगरपरिषदेला आमचे एवढेच मागणे आहे. येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपर्यंत, आणि शहरात त्याच दिवसापर्यंत, आपल्या हद्दीतल्या सांडपाण्याच्या प्रत्येक जागेची यादी करा. चालू, बंद, अर्धवट, सगळ्यांची. कोणत्या सर्व्हे नंबरात आहे आणि सातबाऱ्यावर नाव कोणाचे आहे ते लिहा. ती यादी मोठ्याने वाचून दाखवा. वापर थांबल्यावर ही जागा सार्वजनिकच राहील आणि मातीची तपासणी झाल्याशिवाय तिथे काहीही होणार नाही, असा ठराव घ्या आणि इतिवृत्तात नोंदवा. गावकऱ्यांनी, विशेषतः बायकांनी आणि तरुणांनी, त्या सभेला जावे आणि यादी वाचली गेली नाही तर उठून विचारावे. आजची रोपे त्या दिवसापर्यंत सावलीत जपून ठेवली तरी चालतील.